चार वाजेपर्यंत एक नाव

१

शुक्रवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, थेट हॉलंडहून आलेल्या खरेदीदाराच्या डोळ्यांदेखत, निवडीच्या नव्या यंत्रानं पांढरेशुभ्र काजूगर फुंकून कचऱ्यात उडवले आणि करपलेले, काळपट गर पहिल्या प्रतीच्या ताटात जपून ठेवले.

चार-दोन असते तर कुणी चकार शब्द काढला नसता. ताटात दोनशे गर होते, त्यांतले निम्मे चुकले. आठ दिवस हेच यंत्र एकही चूक करत नव्हतं. आठ दिवस जोबी मुदलाळी, म्हणजे कारखान्याचा तरुण मालक, छाती पुढे काढून कोट्टियम गावभर हिंडत होता, आणि ऐन परीक्षेत त्याच्या लाडक्यानं शेण खाल्लं.

खरेदीदाराचं नाव रूलॉफ. माणूस सभ्य. "मीच भरतो," असं हसत म्हणून त्यानं टोपलीतले गर लहानशा फावड्यानं ताटात ओतले होते, ताट हलवून सपाट केलं होतं, आणि स्वतःच्या हातानं यंत्रात सरकवलं होतं. आता त्यानं त्यातलाच एक करपलेला गर उचलून दाताखाली धरला आणि हळूच रुमालात काढून ठेवला. दोन शिव्या हासडल्या असत्या तर जोबीला सोपं गेलं असतं.

काचेच्या भिंतीपलीकडे निवड विभागाच्या बेचाळीस बायका मांडीवर सूप घेऊन बसल्या होत्या. भट्टीत सुकून, साल काढून आलेला गर त्यांच्या हातांखालून जाई. अख्खा वेगळा, तुकडा वेगळा, पांढरा वेगळा, करपलेला वेगळा. काचेतून त्यांना सगळं दिसलं. कुणीतरी खुदकन हसलं. जोबीनं मान वळवून त्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि तिथंच त्याचं ठरलं.

तासाभरानं त्यानं पंकजाक्षीला कचेरीत बोलावलं. पंकजाक्षी या बायकांची मेस्तिरी, मुकादम म्हणा, आणि सगळ्यांची चेची, म्हणजे ताई. वय सत्तावन्न, जीभ तिखट, डोळा त्याहून तिखट. कुणी ओच्यात गर लपवले, कुणी नवऱ्याचा मार खाऊन आली, कुणाला दिवस गेले, हे तिला सकाळच्या हजेरीतच कळे.

"पंकजाक्षी चेची, हे आपोआप झालेलं नाही," जोबी म्हणाला. "कुणीतरी केलंय."

"तुझ्या वडिलांच्या, मोठ्या मुदलाळींच्या वेळी भट्टीसुद्धा कधीकधी रुसायची. तेव्हा कुणी चोर शोधला नव्हता."

"अप्पच्चन आता अंथरुणाला खिळलेत, आणि या रस्त्यावरचे अकरा कारखाने बंद पडलेत. व्हिएतनामवाले सगळं यंत्रावर करतात. रूलॉफ उद्या संध्याकाळच्या विमानानं चाललाय. चार वाजता मला त्याला फोन करायचाय. यंत्र चांगलं होतं, अमुक बाईनं बिघडवलं, तिला काढलं, एवढं मला सांगता आलं पाहिजे. उद्या चार वाजेपर्यंत एक नाव द्या."

"आणि नाही मिळालं तर?"

जोबीनं टेबलावरचा कागद तिच्याकडे फिरवला. कामावरून कमी केल्याचं पत्र होतं. नाव आधीच छापलेलं होतं. सुधर्मा.

२

पंकजाक्षी कचेरीतून बाहेर आली ती पाय ओढतच.

सुधर्मा म्हणजे कारखान्यातला सगळ्यांत चांगला हात. एकतीस वर्षं. डोळे मिटून गर फिरवला तरी डाग कुठे ते सांगेल. म्हणूनच जोबीनं यंत्राला शिकवायला तिची ताटं निवडली, आणि मग आठ दिवस यंत्रात ताट भरून ठेवायचं कामही तिच्याकडेच दिलं. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तीच सुधर्मा सगळ्यांसमोर म्हणाली होती, "फुटो मेल्याचा डोळा!" ते जोबीच्या कानावर गेलं होतं. न जायला काय झालं, भिंतीला नाही तरी काचेला कान असतातच.

आणि सुधर्माचा नवरा आठवड्यातून दोनदा विमा दवाखान्यात रक्त शुद्ध करून घ्यायला जाई. दवाखान्याचं कार्ड तिच्या नोकरीवर. पत्र हातात पडलं की कार्ड गेलं, आणि कार्ड गेलं की तो माणूस महिनासुद्धा काढणार नाही. पंकजाक्षीला हे सगळं पाठ होतं.

ती काचेच्या खोलीत शिरली. थंडगार खोली, मधोमध कपाटाएवढं यंत्र, आणि त्यासमोर डोकं धरून बसलेला सेंतिल. कोइंबतूरहून यंत्राबरोबर आलेला हा पोरगा पंधरा दिवसांपासून इथला मासा खाऊन पोट बिघडवून घेत होता.

"काय रे, काचेवर कुणी तेल-बिल फासलं का?"

"काच स्वच्छ आहे, अम्मा. पहिलं तेच पाहिलं."

"मग डोक्यात काही घातलं असेल. त्याच्या."

"तेही नाही. डोक्यात कुणी हात घातला की तारीख उमटते. आठ दिवसांत कुणीही काही बदललेलं नाही." तो रडकुंडीला आला होता. "यंत्र तेच, काजू त्याच टोपलीतला, दिवाही तोच. माझं डोकं चालेनासं झालंय."

"ते शिकलं कसं, ते तरी दाखव."

सेंतिलनं पडद्यावर चित्रं काढली. शिकवणीसाठी निवड विभागातल्या ताटांचे हजारो फोटो घेतले होते. निवडून लावलेल्या ताटाचा, खराब गर बाहेर काढण्याआधीच, फोटो काढायचा, मग संगणक शिकलेल्या लतिकानं त्यातल्या खराब गरावर खूण करायची, अशी पद्धत. यंत्राच्या अंगचा हा पडदा मात्र जुनाट होता. त्यावर रंग नव्हता, सगळं राखाडी.

पंकजाक्षीनं सवयीनं ताटावरून नजर फिरवली. "हा खराब, हा खराब, हा, हा, आणि हे कोपऱ्यातले दोन."

सेंतिलनं खुणा उघडून पाहिल्या. सहाच्या सहा बरोबर.

"कसं ओळखलंत?" तो उभाच राहिला. "रंग नसताना मला तर सगळे सारखेच दिसतात. डाग तर यात दिसतच नाही!"

पंकजाक्षी पडद्याकडे बघत राहिली. डाग खरंच दिसत नव्हता. मग आपण ओळखलं कशावरून, हे तिचं तिलाच सांगता येईना.

३

परीक्षेच्या दिवशी सकाळी काचेच्या खोलीत कोण कोण गेलं, हे रखवालदाराच्या वहीत होतं. सेंतिल सोडला तर दोघंच. भट्टीवरचा चेल्लप्पन आणि खुणा करणारी लतिका.

चेल्लप्पन भट्टीजवळ काळ्या चहाचे घोट घेत बसला होता. पुढच्या वर्षी भट्टीही आपोआप चालणारी येणार, हे त्याच्या कानावर आलं होतं, आणि तेव्हापासून तो येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसत असे.

"सकाळी साडेसातला त्या खोलीत काय करत होतास?"

"मी? छे!"

"वहीत लिहिलंय, चेल्लप्पन चेट्टा. दादा म्हणते म्हणून मला बनवू नकोस. मी तुझ्या बायकोची मावसबहीण आहे."

चेल्लप्पननं चहाचा पेला खाली ठेवला. इकडेतिकडे पाहिलं. "झोपलो होतो."

"काय?"

"अगं झोपलो होतो! वीस मिनिटं! तेहतीस वर्षं या भट्टीपुढे भाजून निघालो. इथं माणसाला साधा पंखा नाही, आणि त्या डबड्याला दिवसभर गार हवा. म्हटलं, एकदा त्याच्या शेजारी आडवं होऊन बघावं तरी." त्यानं नाक ओढलं. "छान लागलं. खरं सांगतो, उठावंसं वाटेना."

पंकजाक्षीला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. चेल्लप्पन त्या गार फरशीवर घोरत पडलेला सेंतिलनंही पाहिला होता, हे तिनं नंतर विचारून घेतलं. म्हाताऱ्यानं यंत्राला बोटसुद्धा लावलेलं नव्हतं.

लतिका निघाली भलतीच घाबरट. तेवीस वर्षांची पोर, संगणकाची पदविका घेतलेली. तिची आई याच विभागात हाडं झिजवून मेली, म्हणून पंकजाक्षीनंच तिला चिकटवून घेतलं होतं.

"मोळे, पोरी, माझ्याकडे बघ. तू सकाळी कशाला गेली होतीस?"

"माझा अर्ज छापायला." लतिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. "कुवेतला घरकामाचा. तिथं फुकट छापता येतं, म्हणून. चेची, मुदलाळींना सांगू नका ना."

"घरकामाचा? पदविका घेऊन?"

"इथं काय राहिलंय? मी सहा हजार फोटोंवर खुणा केल्या. प्रत्येक खुणेला वाटायचं, ही राधामणी अम्मायीची नोकरी गेली, ही कोच्चुराणी चेचीची. घरी जाऊन जेवण जायचं नाही मला."

पंकजाक्षीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. खूण करायला या पोरीला बसवा, असं सुचवणारीही तीच होती.

म्हणजे दोघेही निसटले. शनिवारचे साडेनऊ वाजले होते, आणि उरली एकटी सुधर्मा, आदल्या दिवसापर्यंत त्याच खोलीत ताट भरणारी.

४

सुधर्मा आपल्या जागेवर बसून गर निवडत होती. तोंडानं बोलत होती, हात चालूच.

"मी बोलले, नाही म्हणत नाही. फुटो डोळा म्हटलं. तुम्ही नाही म्हटलंत का मनात?"

"म्हटलं," पंकजाक्षी म्हणाली. "शंभरदा."

"मग? बोलण्यानं डोळे फुटले असते तर माझी सासू कधीच आंधळी झाली असती." शेजारच्या दोघी फिसकन हसल्या. सुधर्मा नाही हसली. "पंकी चेची, खरं सांगा. माझंच नाव आहे ना त्या कागदावर?"

पंकजाक्षीला खोटं बोलता आलं नाही. तिनं विचारलं, "काल सकाळी तू ताट का नाही भरलंस?"

"अहो, मला पांढरी साडी नेसवून दारात उभी केली होती! पाहुण्याला शहाळं द्यायला. एकतीस वर्षं कुणी म्हणालं नाही, सुधर्मा दारात उभी राहा म्हणून. म्हटलं, चला, जाता जाता मान तरी मिळतोय."

"आणि त्याआधी आठ दिवस? कशी भरायचीस?"

"कशी म्हणजे? नेहमीसारखी. मुदलाळी म्हणाले, एकावर एक गर नको. म्हणून मग एकेक ठेवायचे." तिनं बोलता बोलता सुपातले गर समोरच्या ताटात ठेवून दाखवले. टक, टक, टक. पाच, दहा, पंधरा.

पंकजाक्षीची नजर त्या बोटांवर होती. पांढरा गर ठेवताना बोटं सरळ सुटत होती. करपलेला हाताला लागला की मनगट जराही न हलवता अंगठा गराला अर्धा फेरा देई आणि मग ठेवी. सुधर्माचं तिकडे लक्षही नव्हतं. ती नवऱ्याच्या पायांच्या सुजेबद्दल बोलत होती.

"थांब," पंकजाक्षी म्हणाली. "तो गर असा का फिरवलास?"

सुधर्मानं हाताकडे पाहिलं. "कुठला? मी कुठं फिरवला?"

५

सेंतिल एक वाजता जेवायला गेला. पंकजाक्षीनं लतिकाला काचेच्या खोलीत ओढलं.

"तुला हे चालू करता येतं ना?"

"येतं, पण..."

"पण-बिण काही नाही. कर."

पहिलं ताट तिनं रूलॉफसारखं भरलं. फावड्यानं ओतलं, हलवलं, सपाट केलं. यंत्रात दिवा लागला, हवेची फुंकर सुटली आणि पुन्हा तोच सावळागोंधळ. निम्मे चांगले उडाले, निम्मे करपलेले राहिले.

दुसऱ्या ताटात तेच गर, पण पंकजाक्षीनं ते आपल्या हातानं, निवड विभागाच्या रीतीनं लावले. फुंकर सुटली. करपलेले सगळे बाहेर, पांढरे सगळे आत. एकही चूक नाही.

"अय्यो," लतिका म्हणाली.

तिसरं ताट पंकजाक्षीनं वेगळंच भरलं. फक्त पांढरेशुभ्र, एकही डाग नसलेले गर तिनं घेतले आणि सगळे उलटे लावले. काजूगर आडवा पडतो, त्याची एक बाजू फुगीर, ती पाठ. दुसरी खोलगट, ते पोट. या कारखान्यात चांगला गर ताटात ठेवायचा तो पाठ आपल्याकडे करून. खराब गराचं पोट आपल्याकडे. मेस्तिरीनं ताटावरून नुसती नजर टाकली की खराब किती ते एका दमात कळावं, म्हणून. पंकजाक्षीनं सगळ्या चांगल्यांची पोटं आपल्याकडे केली आणि ताट सरकवलं.

यंत्रानं दोनशेच्या दोनशे पांढरे गर कचऱ्यात उडवले.

लतिकानं कचऱ्यातला एक गर उचलून उलटसुलट करून पाहिला.

"त्याला रंग कळतच नाही," लतिका हळूच म्हणाली. "डागही नाही कळत. पोट बघतं मेलं!"

"आपण त्याला तेच दाखवलं. सहा हजार फोटोंत प्रत्येक खराब गराचं पोट आपल्याकडे. त्यानं सोपं ते उचललं." पंकजाक्षी स्टुलावर बसली. "आठ दिवस निवड यंत्र करत नव्हतंच. सुधर्मा करत होती. ताट भरतानाच तिचा अंगठा सांगून मोकळा व्हायचा, आणि हे फक्त फुंकर मारायचं. काल पाहुण्यानं स्वतः ताट भरलं, आणि याला सांगणारं कुणी राहिलं नाही."

"म्हणजे कुणीच काही केलं नाही!"

"केलं ना. ही पोटाची रीत चोवीस वर्षांपूर्वी मी लावली. मेस्तिरी झाले तेव्हा. माझं काम लवकर उरकावं म्हणून." ती कडवट हसली. "नाव हवं होतं त्याला. हे घे, मिळालं."

लतिकाचे डोळे एकदम चमकले. तिनं दार लोटून घेतलं. "चेची, कुणाला सांगू नका. यंत्र असंच मूर्ख राहू दे. ते परत पाठवतील, आणि आपण सगळ्या राहू!"

"आणि सुधर्मा?"

लतिकाचा हात दारावरून खाली आला.

"तिचा नवरा मरू दे, आपण बेचाळीसमधल्या एक्केचाळीस राहू. असंच ना?"

"असं नाही हो..." लतिका ओठ चावत होती. "पण तसंही नाही होणार, चेची. मघाशी सेंतिल फोनवर बोलत होता. सोमवारी त्याचा मोठा साहेब येतोय. अशा चुका शोधण्यात पटाईत आहे म्हणे. त्याला तासाभरात कळेल."

पंकजाक्षीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सांगावं तर यंत्र दुरुस्त होतं आणि बेचाळीस जणी जातात. न सांगावं तर आज सुधर्मा जाते, आणि सोमवारी यंत्र दुरुस्त होऊन बाकीच्या जातात. पळायला कुठेच वाट नव्हती.

मग तिला एक गोष्ट सुचली, आणि ती सुचल्याबद्दल तिला स्वतःचाच राग आला. सोमवारी जे फुकट कळणार, त्याला आज चार वाजेपर्यंत किंमत होती.

६

"सापडलं?" जोबीनं विचारलं. सव्वादोन वाजले होते.

"सापडलं. यंत्र का चुकलं ते पक्कं सांगते, आता तुझ्यासमोर करून दाखवते. दहा-बारा दिवसांत नीट होईल असं आहे. हे तू चार वाजता त्या पाहुण्याला सांगितलंस तर तो कुठे जाणार नाही. पण आधी लिहून दे."

"काय लिहून देऊ?"

"यंत्र चालू झाल्यावर किती जणी ठेवणार होतास?"

जोबीनं नजर चुकवली. "सहा."

"वीस."

"चेची, चेष्टा करता का? सोमवारी कोइंबतूरचा साहेब येतोय, तो सांगेलच मला."

"सांगू दे. तोवर पाहुणा हॉलंडला पोचलेला असेल, आणि जाण्यापूर्वी त्याला तू सांगितलेलं असशील की माझ्याकडच्या बायका यंत्र फोडतात. पुन्हा येईल तो? बघ बाबा, तुझं तू."

जोबी उठून खिडकीशी गेला. तो दुष्ट नव्हता, हेच वाईट होतं. लहानपणी तो याच बायकांच्या मांड्यांवर बसून गर खात मोठा झाला होता.

"दहा," तो बाहेर बघत म्हणाला.

"अठरा."

"पंधरा. यावर एक नाही. पंधरा ठेवल्या तरी मी टिकेन की नाही, देव जाणे. खरंच सांगतो."

तो खरं बोलत होता. पंकजाक्षीला ते कळलं, आणि तिनं पुढे ताणलं नाही.

"सुधर्माचं पत्र फाड. पंधरा जणी पाच वर्षं, कार्डासकट. बाकीच्या ओणमच्या सणापर्यंत. सही कर, शिक्का मार."

त्यानं लिहिलं, सही केली, सुधर्माच्या पत्राचे चार तुकडे केले. मग काचेच्या खोलीत जाऊन तिनं तीन ताटं लावून दाखवली. तिसऱ्या ताटाला सेंतिलनं कपाळावर हात मारला आणि जोबी मोठ्यानं हसला. सुटल्यासारखा हसला, आणि काचेपलीकडच्या बायकांनी ते हसणं पाहिलं.

"पोट! एवढंच? कुणाच्या डोक्यातून निघाली ही रीत?"

"माझ्या."

"म्हणजे आरोपी तुम्हीच की, चेची!"

"हो. म्हणून त्या पंधरांत मला धरू नकोस."

त्याचं हसू मावळलं. खिशातून पेन काढून त्यानं कोरा कागद तिच्यापुढे ठेवला. "नावं तुम्हीच लिहा. मी लिहिली तर म्हणतील, मालकानं मर्जीतल्या ठेवल्या. कुणाला खरी गरज आहे ते तुम्हालाच ठाऊक."

"हे लिहून द्यायचं ठरलं नव्हतं."

"मग मी लिहू? मी हात बघून लिहीन. घर बघून नाही."

पेन तिनं उचललं. सुधर्मा, नवरा आजारी. तंकमणी, दोन पोरी, कुणी नाही. राधामणी, मुलगा अंथरुणावर. आठपर्यंत हात थांबला नाही. नववीपासून थांबायला लागला. कोच्चुराणीचा नवरा पितो, पण मुलगा दुबईला आहे. वसंताला कुणी नाही, पण प्रकृती दणकट आहे. लतिका तरुण आहे, तिला कुवेत तरी आहे. कुणाचं दुःख मोठं हे असं तोलायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये, असं तिला वाटलं, आणि तरी ती तोलत राहिली. पंधरावं नाव लिहून झालं तेव्हा तिच्या ब्लाउजची पाठ घामानं भिजली होती, त्या गार खोलीत.

७

पावणेचारला तिनं निवड विभागात सगळ्यांना सुपं खाली ठेवायला सांगितली.

बेचाळीस चेहरे तिच्याकडे लागले. सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं, की मेस्तिरीला चारच्या आत नाव द्यायचं आहे. तिच्या हातात कागद होता.

"मी नावं वाचते," पंकजाक्षी म्हणाली. आधी सगळं नीट समजावून सांगायचं, असं तिनं वाटेत ठरवलं होतं. इथं उभं राहिल्यावर एक वाक्य आठवेना. "सुधर्मा."

सुधर्मा उठली. डोक्याला बांधलेलं फडकं सोडलं, घडी केली, सुपात ठेवलं. चपला शोधायला वाकली.

"तंकमणी."

"मी? अय्यो, मी काय केलं? मी त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाही! चेची, देवाशपथ..."

"राधामणी. अंबुजम."

एकेक नावाला हुंदका फुटत होता. ज्यांची नावं येत नव्हती त्या अंग चोरून बसल्या होत्या, मान खाली, जणू हललं तर आपल्यावर येईल. पंकजाक्षी वाचत गेली. थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. दहा. अकरा. मागच्या रांगेत फक्त लतिका ताठ बसून तिच्याकडे बघत होती. तिला कळलं होतं. ती ओठांनी मोजत होती.

तेरा. चौदा. पंधरावं नाव वाचून झालं, कागद संपला, आणि लतिकानं डोळे मिटले.

कोच्चुराणीनं मोठा सुस्कारा टाकला. "येशूची कृपा," ती शेजारणीला म्हणाली, आणि तिनं कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढायला सुरुवात केली. दोघी-तिघी एकमेकींचे हात दाबत होत्या. एक जण रडता रडता हसत होती.

"ऐका," पंकजाक्षी म्हणाली. "यंत्र कुणी बिघडवलं नाही. दोष कुणाचाच नाही. ते आता नीट होणार आहे. मी वाचली ती नावं कामावर राहणाऱ्यांची आहेत."

सुधर्मा चपला हातात घेऊन उभी राहिली. कोच्चुराणीचा हात छातीशी थांबला.

"म्हणजे," ती म्हणाली, "माझं नाव नाहीच?"

"नाही गं," पंकजाक्षी म्हणाली.